सतराव्या पराभवाची तयारी

पोर्ट ओरेलमध्ये पोर जन्मलं की त्याला दोन गोष्टी न मागता मिळतात, सरोवरावरचा वारा आणि बार्जमेनचं दुःख. वारा निदान जून-जुलैत जरा दम खातो.

बार्जमेन, म्हणजे नावाडी, हा आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, चेंडू हातात घेऊन पळायच्या त्या खेळाचा. यंदा सोळा सामने झाले आणि सोळाही हरले. साधंसुधं हरले असते तर काही म्हणणं नव्हतं, पण त्यांनी त्या हरण्याला कलेचं रूप दिलं. एकदा आमच्या गड्याने चेंडू पकडला, बगलेत मारला आणि जिवाच्या आकांताने धावत सुटला, आमच्याच रेषेकडे. अख्खं स्टेडियम ओरडतंय, "अरे मागे फीर, मागे फीर," आणि याला वाटलं लोक कौतुक करतायत, म्हणून आणखी जोरात. एकदा आम्ही पुढे होतो, अर्धा मिनिट उरलं होतं, नुसते उभे राहिले असते तरी जिंकले असते. तेवढ्यात प्रशिक्षक ऑटरबॅकनी विश्रांती मागितली. का मागितली ते त्यांना अजून सांगता आलेलं नाही. त्या विश्रांतीत पाहुण्यांना डाव सुचला.

मालक विन्थ्रॉप क्रेल. आजोबांनी न्हाणीचे टब विकून वैभव भरलं, नातवाने बूच काढलं. सामन्याला येतो तो काचेच्या खोलीत बसतो, आणि संघ हरायला लागला की पडदा ओढून घेतो. यंदा पडदा सप्टेंबरातच ओढलाय.

आम्ही बाकीचे पार्किंगमध्ये. सामन्याच्या दिवशी सकाळी सातपासून गाड्या लावायच्या, मागची दारं उघडायची, शेगडी पेटवायची, सॉसेज भाजायचे, बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, लोण्यात परतायच्या आणि थंडीत पाय आपटत संघाला शिव्या द्यायच्या. बापाने हेच केलं, आजाने हेच केलं. जागासुद्धा वारशाने येते. तिसऱ्या दिव्याच्या खांबाखाली काझमामाची जागा; म्हातारा क्रेनवर काम करून निवृत्त झाला, पण ती जागा काही सोडली नाही. त्याची बायको जेनीमामी कोबी ढवळता ढवळता गाणी जुळवायची. यंदाचं गाणं साधारण असं होतं:

पहिली ती हार, घरच्या अंगणी,
चेंडू दिला दानी, पाहुण्यांना.
दुसरी ती हार, पावसाच्या धारा,
निसटला सारा, खेळ बाई.
तिसरी ती हार, सूर्य आला डोळा,
आंधळ्यांचा मेळा, आमुचा गं.

नोव्हेंबरापर्यंत गाणं इतकं लांबलं की म्हणता म्हणता सॉसेज करपायचे.

आणि मग नोव्हेंबरातच आमच्यात एक पालट झाला. आम्हाला हरायची गोडी लागली.

त्याचं असं आहे, की आमच्या या धंद्यात जो सगळ्यांत वाईट त्याला आधी वाढतात. वसंतात कॉलेजातली पोरं निवडायची असतात, तेव्हा तळाच्या संघाचा हात पहिला. आणि यंदा त्या ताटात केड लॅफर्टी नावाचं पोरगं होतं. वीस वर्षांचं, सहा फूट चार इंच, साठ यार्डांवरून चेंडू टाकला तर खिडकीतल्या फुलदाणीत पडेल असा हात. बेकरीवाल्याने केकवर त्याचा चेहरा काढायला सुरुवात केली. सलूनमध्ये त्याच्यासारखे केस कापून मिळू लागले. सेंट स्टॅनिस्लॉसच्या देवळात पूर्वी संघ जिंकावा म्हणून मेणबत्त्या लागायच्या, आता हरावा म्हणून लागू लागल्या. संत बिचारा चक्रावला असेल. इतकी वर्षं उलटं ऐकत होतो की काय, म्हणाला असेल.

एकच भीती होती. डोंगराकडचा एक संघ एका विजयावर अडून बसला होता. आम्ही शेवटचा सामना चुकून जिंकलो तर बरोबरी, आणि बरोबरीच्या नियमात पहिला हात त्यांचा. म्हणजे सतरावा सामनाही हरायलाच हवा होता. तेवढं एक काम. आणि हरण्याच्या बाबतीत तरी आमच्या पोरांवर आमचा पूर्ण भरवसा होता.

काझमामाने तर समिती काढली, 'पराभव मिरवणूक समिती'. अध्यक्ष स्वतः. ट्रकवर जुनी नाव बांधायची, तीत क्रेलचा पुतळा बसवायचा, पुढे बँड, मागे आम्ही काळे कोट घालून, आणि पुढच्या शनिवारी सरोवराच्या बर्फाला भोक पाडून ती नाव बुडवायची. पोलिसांची परवानगी आली होती. महापौर भाषण करणार होते. आमच्या गावात लग्नाची तयारी इतकी नीट होत नाही.

या सगळ्यात अडचण एकच निघाली, आणि ती काझमामाच्या घरातूनच निघाली.

आमचा नेहमीचा लाथवाला, म्हणजे दोन खांबांमधून चेंडू लाथेने पार करून तीन गुण आणणारा गडी, डिसेंबरात जायबंदी झाला. मैदानात नव्हे. बुटाची नाडी बांधायला वाकला आणि पाठ धरली. दोनतीन सामन्यांसाठी कुणाला आणायचं? ऑटरबॅकनी हाताशी होता त्याला आणलं: टॅड झिमनी, वय बत्तीस, काझमामाचा सख्खा भाचा, नगरपालिकेत बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो.

टॅडचा बाप लवकर गेला. त्याला लाथ मारायला शिकवलं मामाने, याच पार्किंगमध्ये, सामने नसतील त्या रविवारी. मामा गुडघ्यावर बसायचा, चेंडूच्या टोकावर बोट ठेवून तो उभा धरायचा, आणि हे पोरगं लांबून धावत यायचं. दोनदा बोटावर बसली. मामाचं ते बोट अजून वाकडं आहे. कॉलेजनंतर टॅड आठ संघांच्या दारात जाऊन आला. आठही ठिकाणी 'कळवतो' म्हणाले. आता बत्तिसाव्या वर्षी बोलावणं आलं ते आमच्या बुडत्या संघाचं, आणि त्यातही गंमत अशी की दोन सामने झाले तरी त्याला खांबाकडे एक चेंडू मारायची वेळ आली नाही. आमचा संघ खांबांच्या जवळपास पोचलाच नाही.

म्हणजे त्याच्याकडे उरला होता एकच सामना. त्यानंतर पुन्हा ट्रक, पुन्हा बर्फ. त्याला मोठं काही नको होतं. खांबांमधून एक चेंडू. एकच.

सामन्याच्या सकाळी तो आत जाण्याआधी मामाच्या शेगडीपाशी थांबला. त्याची आई, म्हणजे आमची वांडा, तिथेच कांदा चिरत होती.

"या, लाथसम्राट," मामा म्हणाला. "खाऊन घे. जड खा. दोन-चार पिरोगी जास्तच खा."

"मामा, एक वाजता खेळायचंय मला."

"म्हणून तर म्हणतो."

सगळे हसले. टॅडही हसला. मग शेजारच्या गाडीतला लिओ प्लंबर पुढे आला. "हे बघ टॅड, वाईट वाटून घेऊ नकोस. पण समजा, म्हणजे नुसतं समजा, तुझ्यावर वेळ आलीच, तर…"

"तर काय?"

"तर वारा आहेच की रे. वाऱ्याला कोण दोष देतो?"

"मला चुकवायला सांगताय होय?"

"छे, छे!" लिओ म्हणाला. "आम्ही कोण सांगणारे? आम्ही फक्त म्हणतो, मारू नकोस नीट."

टॅडने मामाकडे पाहिलं. मामा सॉसेज उलटत होता, नको इतक्या काळजीने. "टॅडी," तो म्हणाला, "मी एकाहत्तरचा आहे. एकदा, एकदा मला जिंकणारा संघ बघून मरायचंय. तो लॅफर्टी आला तर तीन वर्षांत बघेन. तू तीन गुण काढलेस तर काय बघेन? तुला?"

हे जरा लागलंच. मामालाही कळलं, पण शब्द शेगडीवर पडला होता, उचलता येईना.

टॅड आईकडे वळला. "तू पण?"

वांडाने कांद्यावरून डोळे वर केले नाहीत. "लोकांत राहायचंय बाळा आपल्याला," ती म्हणाली. "तुझा ट्रक याच गल्ल्यांतून जातो. चुकला तर चुकला. काय मोठं बिघडतं?"

"माझं काय बिघडतं ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," वांडा म्हणाली. "तरी सांगते."

त्याने पिरोगी तशीच ठेवली आणि गेला.

एक वाजता सामना सुरू झाला, आणि दैवाने आमची पहिली थट्टा केली. पाहुणे हेरन्स, म्हणजे बगळे. ते आधीच पुढच्या फेरीत पोचले होते, म्हणून त्यांनी चांगले गडी थंडीत बाहेर काढलेच नाहीत. मैदानात सोडली ती राखीव मंडळी. एकाने तर पहिल्याच डावात चेंडू आमच्या हातात आणून दिला, अगदी शेजारणीने वाटी परत करावी तसा. आमच्या पोरांना काय करावं सुचेना. सवय नव्हती. शेवटी धावत सुटले, आणि या वेळी बरोबर दिशेला.

प्रेक्षकांत सन्नाटा. मग कुणीतरी भोकाड पसरलं.

"अरे काय करताय! खाली ठेवा तो चेंडू!"

लिओ कपाळ बडवत होता. "सोळा आठवडे बघतोय, असा खेळ नाही बघितला. आजच अंगात आलं यांच्या!"

जेनीमामी म्हणाली, "गप्प बसा. आपली पोरं आहेत. निभावून नेतील. हरतील."

आणि खरंच, पोरांनी लाज राखली. चौदाला चौदा असताना, आमचे चौदाही लाथेविना धावूनच काढलेले, आमच्याच रेषेच्या आत आमच्याच गड्याला बगळ्यांनी आडवा केला, त्याचे दोन गुण पाहुण्यांना. सोळा-चौदा. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. मिरवणुकीच्या बँडवाल्याला मामाने तिथूनच फोन लावला.

मग उरली वीस सेकंदं आणि झाली दुसरी थट्टा. बगळ्यांच्या हातून चेंडू निसटला, गडगडला आणि आमच्या ओगल्सबीच्या पोटाखाली येऊन थांबला. डेमेट्रियस ओगल्सबी आमचा मधला गडी, तीनशे पौंडांचा डोंगर, अकरा वर्षं खेळतोय. त्याने चेंडू शोधला नव्हता. तो नुसता पडला होता.

खांब बावन्न यार्ड लांब. वारा सरोवराकडून, डावीकडून, नाक तोडणारा. एक तर चेंडू पुढे फेकायचा, नाही तर लाथवाल्याला बोलवायचं. तेवढ्यात काचेच्या खोलीचा पडदा उघडलेला आम्ही पाहिला. क्रेल उभा. मग तोच क्रेल फरचा कोट सावरत मैदानाच्या कडेला आला, सतरा सामन्यांत पहिल्यांदा, आणि ऑटरबॅकच्या कानाला लागला.

त्यांचा हिशेब सरळ होता. फेकलेला चेंडू कुणीतरी चुकून झेलायचं. पण बर्फगाडीवाला टॅड, एकही न मारलेला, या वाऱ्यात, बावन्न यार्डांवरून! हरायची याहून सुरक्षित वाट नव्हती. पोर्ट ओरेलमध्ये शहाणे म्हणून जेवढे होते, मालकापासून प्लंबरपर्यंत, सगळ्यांचं यावर एकमत झालं. ज्याला आयुष्यभर तीच एक लाथ मारायची होती, नेमका त्यालाच त्यांनी हरायला पाठवला.

क्रेलने टॅडच्या खांद्यावर हात ठेवला. "दडपण घेऊ नकोस, बेटा. गेला तर गेला. आम्ही तुझ्यामागे आहोत."

"होय साहेब," टॅड म्हणाला. त्या हातातला हातमोजा उबदार होता, एवढंच त्याला आठवतं.

तो चालत आत आला आणि आम्ही आरडाओरडा सुरू केला. पाहुण्यांच्या लाथवाल्याचं लक्ष उडावं म्हणून जे करतात ते सगळं आम्ही आमच्याच पोरासाठी केलं. डबे बडवले. शिट्ट्या मारल्या. खांबांमागच्या लोकांनी टॉवेल नाचवले, एकाने त्या गारठ्यात सदरा काढून पोट हलवलं. मामा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता, वाकडं बोट बाहेर काढून: "वारा आहे रे टॅडी! वारा बघ केवढा आहे!"

ओगल्सबी चेंडूवर वाकला होता. पायांमधून चेंडू मागे द्यायचं काम त्याचं. त्याने तसंच उलट्या डोक्याने टॅडकडे पाहिलं आणि म्हणाला, "ए बर्फवाल्या. ते नवं पोरगं येणार, तेव्हा मला काढणार. मला, याला, त्याला, सगळ्यांना. नव्या घरात जुनं फर्निचर ठेवत नाहीत. मला एकदा जिंकून घरी जायचंय. माझ्या पोरी विचारतात, बाबा, जिंकणं कसं असतं."

"लोक काय म्हणतायत ऐकू येतंय का तुला?"

"मला वाकल्यावर काहीच ऐकू येत नाही. पोट मध्ये येतं."

टॅड हसला. मग चेंडू आला, ठेवला गेला, आणि त्याने मारला.

चेंडू उजव्या खांबाच्या बराच डावीकडून निघाला आणि वाऱ्याने त्याला उजवीकडे ओढायला सुरुवात केली. ओढ, ओढ, आम्ही म्हणत होतो, ओढ रे बाबा. साठ हजार माणसं एका वाऱ्याला विनवत होती. चेंडू सरकत सरकत खांबापाशी आला, खांबाला घासला, टण्ण वाजला, आणि आत पडला.

सतरा-सोळा.

अशी शांतता मी अंत्ययात्रेतही ऐकलेली नाही. आणि त्या शांततेत एक बाई जागेवर उभी राहून किंचाळत होती, "गेला! गेला! माझ्या टॅडीने मारला!" वांडा होती ती. मग तिला आजूबाजूचे चेहरे दिसले. ती खाली बसली. पदर असता तर तोंडावर घेतला असता. तिने मफलर घेतला.

त्यानंतर आम्ही हुर्यो उडवली. आमचा संघ वर्षात पहिल्यांदा जिंकला आणि आम्ही त्याला घरातून हाकलल्यासारखं हाकललं. मैदानात मात्र ते दांडगे गडी एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते, आणि ओगल्सबीने टॅडला लहान मुलासारखा उचलून धरला होता. काचेच्या खोलीचा पडदा बंद झाला. तासाभरात क्रेलचं निवेदन आलं, की जिद्दीचा हा विजय त्याला पहिल्यापासून अपेक्षित होता. त्याच्या पाठोपाठ टॅडलाही निरोप आला, की आपल्या सेवेबद्दल आभार, बूट जमा करावेत.

पार्किंगमध्ये शेगड्या विझत होत्या. लोक खुर्च्या मिटत होते. टॅड पिशवी खांद्यावर टाकून गाड्यांच्या रांगेतून येत होता आणि तो पुढे सरकेल तसे लोक पाठ फिरवत होते. कुणीतरी बर्फाचा गोळा फेकला. तो त्याच्या पाठीला लागला. त्याने वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिव्याच्या खांबाखाली मामा खुर्चीत बसला होता, बँडवाल्याला नको म्हणून सांगून झालं होतं, फोन मांडीवर होता.

"आलास?" मामा म्हणाला. "ये. अख्ख्या गावाचं दिवाळं काढून ये. लॅफर्टी गेला डोंगरात. दहा वर्षं, टॅडी. दहा वर्षं मागे गेलो आपण."

टॅडने खांद्यावरची पिशवी बर्फावर ठेवली.

"चुकून झालं ना? सांग लोकांना, चुकून झालं. वाऱ्याने आत नेला म्हणावं. माफ करतील."

"चुकून नाही, मामा. वाऱ्याचा अंदाज घेऊन मारला. आत जावा म्हणूनच मारला."

लिओ प्लंबर खुर्ची मिटता मिटता थांबला. "ऐका! वर तोंड करून सांगतोय! तुझ्या आईने शिकवलं नाही का…"

"शिकवलं होतं," वांडा म्हणाली. ती मागून आली होती, मफलर आता गळ्यात होता. "चुकव म्हणून मीच सांगितलं होतं. माझं ऐकायची सवय नाही त्याला, लहानपणापासून. आणि देवाची कृपा, की ऐकत नाही." मग भावाकडे वळून म्हणाली, "काझ्या, ऊठ. माझ्या लेकाला बसायचंय."

"माझी खुर्ची आहे."

"ऊठ म्हणते ना! वर्षभर बसूनच होतास. त्याने निदान पाय तरी हलवला."

मामा उठला. गुडघ्यांवर हात ठेवून, कुरकुरत, पण उठला. टॅड बसला. जेनीमामीने ताट त्याच्या मांडीवर ठेवलं. टॅड खाऊ लागला. थंड झालेल्या पिरोगी, तरी तीन एका दमात.

मामा जरा वेळ उभा राहिला. खांबाकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, नाक पुसलं.

"खांबाला लागला तेव्हा," तो शेवटी म्हणाला, "मला वाटलं बाहेर."

"मलाही वाटलं," टॅड म्हणाला.

"मग?"

"मग काय, आत पडला."

"ते दिसलं रे आम्हाला. आम्ही काय आंधळे आहोत? पायाला कसा लागला ते सांग."

टॅडने घास गिळला. "मारला तेव्हाच कळलं. काही जाणवलंच नाही पायाला. असा लागला की जणू तिथे काही नव्हतंच."

मामा हळूच खाली बसला, बर्फावर, एका गुडघ्यावर. आजूबाजूला खुर्च्या मिटण्याचा आवाज कमी झाला होता. पाठ फिरवलेल्या लोकांना अचानक बुटांच्या नाड्या बांधायच्या होत्या, गाडीच्या काचा पुसायच्या होत्या. घरी कुणालाच जायचं नव्हतं. वर्षभरात गावाला सांगण्याजोगी ही पहिलीच गोष्ट होती.

"तरी गाढवच आहे हे," लिओ पुटपुटला, आणि एक पाऊल जवळ सरकला.

"तू गप्प रे," मामा म्हणाला. "हं, टॅडी. पहिल्यापासून सांग. आत चालत गेलास, मग? डावा पाय कुठे टाकलास?"